टाळू भरल्याची साखर

माझ्या भाचीची टाळू दुसऱ्यांदा भरली, त्या दिवशी तिच्या आजीनं आंधळगावात साखर वाटली. आजी म्हणजे माझ्या ताईची सासू. घर विणकरांचं, हाताला सतत काम. आमच्याकडे बाळाची टाळू लवकर भरली की बाळ पक्कं, असं धरतात. रोज सकाळी टाळूवर कोमट तेल जिरवायचं, तळव्यानं डोकं दाबून गोल करायचं, मऊ जागा हाताला लागेनाशी झाली की शेजारणींच्या हातावर साखर ठेवायची.

पहिल्यांदा साखर वाटली तेव्हा पोर नीट बसतही नव्हती आणि डोकं लांबट, अरुंद होत चाललं होतं. जो तो म्हणे, "मालिशनं होते गोल." होत नाही. बाळाची कवटी अखंड नसते. हाडांच्या तुकड्यांमध्ये सांधे असतात आणि मेंदू वाढतो तसे ते जागा देतात. हिचा मधला सांधा जन्माआधीच जुळला होता. दवाखान्यात वजन झालं, सुई टोचली, पण डोक्याकडे कोणी पाहिलं नाही. लोकांच्या प्रश्नांवर पत्रकं काढणं हे माझं नेहमीचंच; यावरही काढलं, लाखनीच्या बाजारात वाटलं, काही लोकांना झोंबलं. झोंबू द्या.

शेवटी नागपूरच्या एका डॉक्टर मॅडमनी ते ओळखलं आणि तिथंच ऑपरेशन झालं. हाडाची पट्टी काढून जागा मोकळी केली. घरी सोडताना मॅडमनी बजावलं, "काही मुलांचं हाड फार उतावीळ असतं. ही फट भरायलाच हवी, पण सावकाश. घाईनं जुळली तर मेंदूला परत जागा पुरणार नाही."

"ते थांबवाचं औषध नाही का मॅडम?" ताईनं विचारलं.

"शोध चालू आहे. हाडाला जरा थांब म्हणणारी प्रथिनं शरीरातच असतात. ती जेलमध्ये घालून फटीत ठेवून बघतात. मूळपेशी ठेवून नवा सांधा तयार होतो का, तेही बघतात. पण हे सगळं उंदीर-सशांवर."

"उंदरायले भेटते, मंग माह्या पोरीले काहून नाही?"

मी लगेच तावात आलो. "गरिबाच्या लेकराचा नंबर शेवटीच लागतो, ताई."

"श्रीमंताच्या लेकराचाही नाही लागलेला," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "खाली मेंदू आहे. हाडाला जास्त थांबवलं तर कवटी उघडीच राहील. लेकराला किती द्यायचं, हे अजून कोणालाच ठाऊक नाही."

डोक्यात जुळवलेलं पत्रक तिथंच निम्मं गळालं.

घरी आल्यावर ताईनं सासूला सांगितलं की तेल लावायचं नाही, दाबायचं नाही. म्हातारीनं अक्षरशः पाळलं. फक्त रोज त्या फटीवर, तिच्या लेखी नव्या टाळूवर, हलकेच बोट फिरवून बघायची.

काही महिन्यांनी मी गेलो तर ती दारातच साखरेची वाटी घेऊन उभी. "घे बाबू, तोंड गोड कर. भरली टाळू! दगडावानी झाली."

आत मागाचा आवाज थांबला. ताई उठून आली आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

"आता कायले तोंड पाडून राहिली?" सासूनं विचारलं.

"आई, एवढ्या लवकर भराले नोको होती."

मग मी सगळं सांगितलं. म्हातारीनं वाटी खाली ठेवली. "तेल नोको, दाबू नोको, एवढंच सांगता. काहून, ते सांगत नाही. मी का तिची दुश्मन आहो?"

पत्रकं वाटत मी गावोगाव हिंडलो, पण घरातल्या म्हातारीला हे समजावून सांगायचं मलाही सुचलं नव्हतं.

नागपूरला या वेळी तीही आली. फोटो काढले, माप घेतलं. मॅडमनी सरळ सांगितलं की फटीचा मागचा भाग पुन्हा जुळलाय, डोकं वाढायचं थांबलंय, दुसरं ऑपरेशन करावं लागेल.

म्हातारीनं विचारलं, "आणि ते उंदराचं औषध?"

"हिच्या वेळेपर्यंत नाही येणार, आजी."

"खोटं नाही बोलली, बरं केलं." तिनं नात ताईच्या मांडीवरून आपल्याकडे घेतली. "सही कर बाई. आणि मॅडम, या बारीनं काय पाहाचं, काय नाही, ते मले सांगा. हिले मागावर बसा लागते. पोरगी माह्यापाशीच राहते."

मॅडमनी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि ताईनं सही करेपर्यंत त्या तिच्याशीच बोलत राहिल्या.