आधी आवळ, मग सोड

आमची जीप माझ्या नवऱ्यापेक्षा वयानं मोठी. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती जन्मभर एकट्यानं चालवली. दर पौर्णिमेला गल्लीतल्या म्हाताऱ्या भरायच्या आणि कळंब्याहून नृसिंहवाडी गाठायची. स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही. माझ्याकडं लायसन असून मला कधी चावी मिळाली नाही.

गेल्या वर्षी त्यांचे हात थरथरायला लागले आणि जीप दारात उभी राहिली. त्यात सायलेन्सर सडून फाटला. दिरांनी भंगारवाल्याला निरोप धाडला. मामंजींच्या ताटात अर्धी भाकरी उरायला लागली. मला ते बघवेना.

"सायलेन्सर मी बदलते," मी म्हटलं.

दीर हसले. "बोल्ट गंजून चिकटल्यात, वैनी. एक जरी तुटला तर गाडी भंगारात. मग परत नाव काढायचं न्हाय."

माझा राग कायम नाकावर. "कबूल," म्हणून मोकळी झाले.

मामंजी खुर्ची टाकून जीपशेजारी बसले. इंजिन जरा तापवून बोल्टांवर तेल सोड, म्हणाले. डिझेलचा डबा काही सापडेना, म्हणून मी स्वयंपाकघरातलं शेंगतेल आणून ओतलं. तापल्या लोखंडावर ते असं चरचरलं की गल्लीभर भज्यांचा वास. शेजारच्या काकू ओरडल्या, "काय गं, पावणं आल्यात व्हय?" मामंजी किती तरी दिवसांनी पोट धरून हसले.

दोन बोल्ट निघाले. तिसरा ढिम्म हलेना. मी पान्यावर सगळा जोर टाकला, तसा तो करकरला.

"थांब! तुटंल त्यो. आदी आवळ जरा."

"सोडवायचाय मामंजी, आवळायचा न्हाय!"

"ठावं हाय की! गंजल्याला नुसतं वढून चालत न्हाय. जरा आवळायचं, मग जरा सोडायचं. परत आवळ, परत सोड. घाई कुणाला हाय?"

मी पुटपुटत आवळला. त्यांनी आपला थरथरता हात माझ्या मुठीवर ठेवला, जोर लावायला नव्हे, मला आवरायला. इकडं जरा, तिकडं जरा करत बोल्ट फिरायला लागला आणि अख्खा हातात आला. मी आनंदानं किंचाळलेच. दिरांनी तिन्ही बोल्ट उलटसुलट करून पाहिले आणि भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं.

माहेरी मला साधा बल्ब बदलू दिला नव्हता कुणी. पोरीच्या जातीला काय करायचंय, म्हणायचे. आणि ह्या माणसानं आपला जीव जिच्यात अडकलेला, ती गाडी माझ्या अडाणी हातात दिली. त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही.

नवा सायलेन्सर चढवला आणि पौर्णिमेला म्हाताऱ्या मागं बसल्या. मामंजींनी बंडीच्या खिशातून चावी काढून माझ्या हातावर ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा डावीकडच्या दारानं आत चढले.

गाव सुटल्यावर माझा गिअर खर्रकन वाजला. आता शिव्या बसणार म्हणून मी भीत भीत त्यांच्याकडं पाहिलं.

मामंजी मान टाकून घोरत होते.