साइन दोन करून दाखवा

“उत्तर चारच आहे,” डायरेक्टर म्हणाले. “माझी स्वतःची ट्रिक आहे ती.”

सदर भागातल्या एका कोचिंग क्लासमध्ये मी गणित शिकवतो. ट्रिक म्हणजे एएम-जीएम असमानता. ती शेकडो वर्षं जुनी आहे, पण आमच्याकडे डायरेक्टर सरांच्या नावानं चालते. दोन धन संख्यांची सरासरी त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाहून कधीच लहान नसते. म्हणून गुणाकार ठाऊक असला की बेरीज किमान किती, ते लगेच निघतं. मात्र ही किमान बेरीज दोन्ही संख्या समान होऊ शकत असतील तरच मिळते. सरांनी या ट्रिकवर टाकलेल्या व्हिडिओत एवढं सांगायला वेळ नव्हता.

बिनफीच्या फ्री बॅचसाठी मुलं निवडणाऱ्या परीक्षेत त्यांनी स्वतः प्रश्न घातला: साइन एक्स धन असताना, साइन एक्स अधिक चार भागिले साइन एक्स, किमान किंमत किती? गुणाकार चार, वर्गमूळ दोन, त्याची दुप्पट चार. आन्सर कीमध्येही चार.

कुही गावाहून येणाऱ्या प्रणालीनं पाच लिहिलं आणि त्या एका प्रश्नानं तिची बॅच हुकली. फ्री बॅच नाही तर क्लास नाही, असं घरी ठरलेलं. ती स्टाफरूममध्ये आली.

“सर, दोन्ही समान व्हायले साइन दोन पाहिजे. साइन तर एकाच्या वर जातच नाही न जी.”

“मग तू काय केलं?”

“एकच ठेवला. एक अन् चार, पाच. साइन कमी केला तर बेरीज वाढूनच राहिली.”

मी थेट डायरेक्टरांच्या केबिनमध्ये गेलो. तिथंच त्यांनी ते ‘चारच’ ऐकवलं.

“माझा व्हिडिओ किती लोकांनी पाहिला माहीत आहे?” डायरेक्टर म्हणाले.

“साइन दोन करून दाखवा. मी चार मान्य करतो.”

त्यांनी कॅल्क्युलेटरवर साइन दोन देणारा कोन काढायला घेतला. एरर आला. त्यांनी दुसरा कॅल्क्युलेटर मागवला. त्यावरही तेच आल्यावर म्हणाले, “एक काम करा. सगळ्यांना बोनस देऊन टाका.”

बोनस म्हणजे प्रश्न वादात सापडला की सर्वांना पूर्ण गुण. चार लिहिणाऱ्यांना, पाच लिहिणाऱ्यांना, कोरा सोडणाऱ्यांनाही. प्रणालीला जागा मिळाली. तिच्यासोबत प्रश्न कोरा सोडलेली दोन मुलंही आत आली.

“पण मले बोनस काहून, सर? माझं तर बरोबर होतं.”

“आधी अ‍ॅडमिशन घे वं,” मी म्हणालो.

आमच्या धंद्यात चूक कबूल करत नाहीत. ती सगळ्यांत सारखी वाटून टाकतात, म्हणजे मग ती कोणाचीच राहत नाही.