भिंतीपलीकडची हाक

लातूरला आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. वीज कधी जाते-येते त्यावर वेळ ठरते, म्हणून नेमकं कधी येईल ते कुणीच सांगू शकत नाही. ज्याला आधी दिसेल त्याने ओरडायचं, अशी रीत. मला नेहमी भिंतीपलीकडून हाक यायची, "पाणी आलं गं!" हाक मारणारी शेजारीण माझ्याच शाळेत मराठी शिकवते, मी गणित शिकवायचे. माझं माहेर मुदखेडचं, नवरा नोकरीला नांदेडला, तो शनिवारी येतो. मुलगी पुण्यात. आठवडाभर घरात मी एकटीच. ती हाक नसती तर माझी टाकी कितीदा तरी कोरडी राहिली असती.

वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा माझं नाव तिनेच पुढे केलं. "आठवीची पोरं गप बसवतीस, महापालिका काय अवघड हाय?" मी शाळेचा राजीनामा दिला. सुट्टीच्या दिवशी ती माझ्यासोबत दारोदार फिरली. पत्रक मी द्यायचे, बोलायची ती. मला बोलणं जमत नव्हतं, अजूनही फारसं जमत नाही. तरी निवडून आले.

पहिलं काम पाण्याचंच हाती घेतलं. आमच्या पाइपलाइनच्या टोकाला, चढावर एक वस्ती आहे. तिथे नळाला नुसती हवा यायची. शाळेत खिचडी वाटताना मी अधूनमधून मागच्या रांगेपासून सुरुवात करायचे, नाहीतर मागच्यांना रोज पातेल्याचा तळच मिळतो. तेच इथे केलं. व्हॉल्व्ह सोडणाऱ्या मामांना सांगितलं, "एक पाळी चढावरून सुरू करायची, एक नेहमीसारखी."

"मॅडम, मग तुमच्या गल्लीला शेवटी यील. धार बारीक ऱ्हाईल बगा."

"राहू द्या."

वस्तीत पाणी चढलं. त्यांच्या पाळीला आमच्या गल्लीतल्या टाक्या अर्ध्या राहू लागल्या. शेजारीण भिंतीपाशी आली.

"तुला निवडून आणलं ते आम्हालाच शेवटच्या बाकावर बसवायला?"

"एक पाळी त्यांची, एक आपली."

"हिशोब बरोबरच असणार. गणिताची बाई ना तू." ती हसेल असं मला वाटलं होतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू आम्ही दोघी दरवर्षी मिळून करायचो, माझ्या अंगणात. या खेपेला ती काही बोलली नाही, म्हणून दिवस मीच ठरवला. त्या आठवड्यात बैठका होत्या. मी वॉर्डाच्या ग्रुपवर आमंत्रण टाकलं: वेळ, स्थळ, सर्व भगिनींनी उपस्थित राहावे. तिळाचे लाडू वळले, वाणाला स्टीलचे डबे आणले, सतरंजी अंथरली. दिवेलागण झाली तरी गल्लीतलं कुणी फिरकलं नाही. वस्तीतल्या बायकाही आल्या नाहीत. त्या ग्रुपवर नव्हत्याच.

मग करंडा घेतला आणि तिच्या दारात गेले. "हळदीकुंकवाला चल."

"तुझ्या घरचं होतं व्हय? मला वाटलं, पक्षाचा कार्यक्रम हाय. अगं, हळदीकुंकवाला कुणी मोबाईलवर बोलावतं का? दारात येऊन, कुंकू लावून सांगावं लागतं."

"आले ना आता."

"आता. सगळं उरकल्यावर."

तरी तिने कपाळ पुढे केलं. मी कुंकू लावलं. तिनेही आतून तिचा करंडा आणून मला लावलं. मग उंबऱ्यातच उभी राहून विचारलं, "पाळी बदलणार का?"

"नाही."

तिने मान हलवली. मी लाडू तिच्या हातावर ठेवला. गोड बोला, असं म्हणायचं दोघींच्याही राहून गेलं. आत ये, ती म्हणाली नाही. मी घरी येऊन सतरंजीची घडी घातली आणि डबे माळ्यावर टाकले.

परवा सकाळी सभेचे कागद वाचत बसले होते. गल्लीत एक मोटर सुरू झाली, मग दुसरी, मग भिंतीपलीकडची. पाळी आमची होती, म्हणजे धार चांगली असणार. हातातला कागद खाली ठेवून मी भिंतीकडे कान लावला. मग उठले आणि नळ सोडला.