एकाच मोबाईलचं वाटप

लॉकडाऊनमध्ये शहाद्यातल्या आमच्या क्लबचं मैदान बंद झालं, तेव्हा मी तिथं मुलींना खो-खो शिकवत होते. अध्यक्षांनी ठरवलं, सराव मोबाईलवर घ्यायचा. मग मी रोज सकाळी गच्चीवर फोनसमोर बैठका काढायची. पडद्यावर गावातल्या दोन-चार मुली आणि सोफ्यावर चहा पीत बसलेले कमिटीचे सदस्य दिसायचे. ज्यांच्या जिवावर संघ जिंकायचा, त्या मुली धडगावकडच्या पाड्यांवर घरी गेल्या होत्या. त्यांच्याकडे ना तसला फोन, ना रेंज.

हे मी बैठकीत बोलून दाखवलं. अध्यक्ष लगेच म्हणाले, "मग मोबाईल वाटू!" मला इतका आनंद झाला, की मुलींना निरोप मीच धाडले.

पास काढून आम्ही घाट चढलो. मुली डोंगर उतरून रस्त्यावर येऊन थांबल्या होत्या, क्लबचे टी-शर्ट धुऊन घातलेले. अध्यक्षांनी गाडीतून खोकं काढलं. एकच. पहिलीच्या हातात मोबाईल दिला, फोटो काढला. मग तोच काढून घेऊन दुसरीच्या हातात. प्रत्येकीला मास्क खाली करून हसायला लावलं. शेवटी मोबाईल परत खोक्यात, खोकं गाडीत.

आमची कर्णधार घरी पावरी बोलायची, माझ्याशी शाळेतली मराठी. तिनं हळूच विचारलं, "मॅडम, आमचे मागून येणार आहेत का?"

मी अध्यक्षांकडे पाहिलं. ते अहिराणीत म्हणाले, "ताई, तुम्ही कसाले चिडतस? काम व्हई गयं ना!"

उतरताना घाटभर ते फोटो निवडत होते. हिचे डोळे मिटलेत, ही काळवंडलीय, ही नको. माणूस इतका किळसवाणा वाटू शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी क्लब सोडला. कर्णधाराच्या भावाकडे साधा बटणांचा फोन होता. टेकडीवर रेंज मिळायची. ती मैत्रिणींना तिथं जमवायची, मी इकडून आकडे म्हणायची आणि त्या पळायच्या. पलीकडून धापा ऐकू यायच्या, मध्येच एखादी बकरी ओरडायची.

निर्बंध उठल्यावर शहाद्याजवळ लोणखेड्याला ओळखीच्या एकांच्या रिकाम्या शेतात आम्ही खांब रोवले. बहुतेक मुली आल्या, दोघींची लग्नं होऊन गेली होती. अध्यक्ष बाजारात भेटले की आजही लांबूनच नमस्कार करतात. मी रस्ता ओलांडते.