एंटरच्या आधी

आबेदा मॅडम चिकलठाण्यातल्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतात. त्यांच्या स्क्रीनवर चार चौकोन असतात: गेट, गोदाम, पॅकिंग आणि पगार, तिथल्या एकेका कॉम्प्युटरचा, मॅडमच्या भाषेत ‘मशीन’चा, एकेक. एक बटण चालू केलं की एका चौकोनात टाईप केलेलं चारही ठिकाणी उमटतं. काम झटपट होतं, आणि चुकलं तर वाटोळंही झटपट.

एंटर दाबायच्या आधी मॅडम हात मांडीवर घेतात, हळूच ‘बिस्मिल्ला’ म्हणतात आणि तेवढ्यात चारही चौकोनांवरून नजर फिरवतात. नव्या साहेबांना याचा लई वैताग. समोरच्याला श्वास घेऊ दिला नाही म्हणजे काम होतं, असा त्यांचा समज.

परवा पॅकिंगचं मशीन अडकलं. बाहेर ट्रक खोळंबलेला, आणि साहेब मॅडमच्या डोक्यावर उभे. “अहो, बंद करून चालू करा ना पटकन!”

मॅडमनी कमांड लिहिली, हात मांडीवर घेतले, नजर फिरवली. तीच ओळ चारही चौकोनांत बसली होती. सकाळी चालू केलेलं बटण तसंच राहिलं होतं. त्यांनी ओळ पुसली, बटण बंद केलं, पुन्हा लिहिलं आणि एकटं पॅकिंगचं मशीन बंद करून चालू केलं.

साहेबांना यातलं काही दिसलंच नाही. “एका एंटरला एवढा वेळ?”

“साहेब, घरी माझी चार लेकरं हायेत. कितीबी हाका मारा, एक झोपत नाय,” मॅडम म्हणाल्या. “ही स्क्रीनवरची चौघं एका हाकेत झोपतात. भीती यांचीच वाटते.”