राखाडी पडद्यापुढचा फोटो

इकडे परदेशात, क्रेगीबर्नच्या आमच्या घराला गॅरेज आहे, पण गाडी कायम बाहेर उन्हात. आत माझं साड्यांचं दुकान. सकाळी शटर अर्धं वर केलं की ऊन जमिनीवरून सरपटत येतं आणि समोरच्या राखाडी भिंतीवर चढतं. आज त्या भिंतीवर एक जांभळी इरकल टांगली आहे आणि मागचा राखाडी रंग तिला हळूहळू गिळतो आहे. असा राखाडी मी फार पूर्वीपासून ओळखते. बाबांच्या स्टुडिओतला पडदा असाच होता, धुऊन धुऊन स्वतःचा रंग विसरलेला.

कऱ्हाडजवळच्या आमच्या गावात बाबांचा फोटो स्टुडिओ होता. रंगीत रोल शहरातल्या लॅबला जायचे, कृष्णधवल फोटो मात्र बाबा स्वतः धुवायचे. डार्करूममधून बाहेर आले की त्यांच्या बोटांना आंबूस वास यायचा, आणि त्याच बोटांनी ते माझी वेणी सारखी करायचे. मी बावीस वर्षांची झाले तेव्हा स्थळांना पाठवायचा फोटो काढायला त्यांनी मला त्या पडद्यापुढे बसवलं. फोटो हातात आला तेव्हा मीच चकित झाले. मागे काळामिट्ट अंधार आणि त्यातून पुढे आलेला माझा चेहरा, उजळ, जवळजवळ गोरा. मी सावळी, म्हणजे घरच्यांच्या भाषेत सावळी, बाहेरच्यांच्या भाषेत काळी. पाहुणे आले. मुलाची आत्या एकदा माझ्याकडे, एकदा हातातल्या फोटोकडे बघत म्हणाली, "फोटोग्राफरची मुलगी दिवसाउजेडीच बघावी हो!" सगळे हसले. बाबाही कसनुसे हसले. ते हसणं मला त्या बाईच्या बोलण्याहून जास्त लागलं. पाहुणे गेल्यावर मी फोटो त्यांच्यापुढे आपटला. "माझी एवढी लाज वाटते तर बोलवायचं कशाला लोकांना?" ते एवढंच म्हणाले, "तुझ्या चेहऱ्याला मी हात लावलेला नाही." मला ते धडधडीत खोटं वाटलं.

तो फोटो मी फाडला नाही. पुरावा म्हणून जपला. पुन्हा कधी पाहुण्यांपुढे बसले नाही, नोकरी धरली, लग्न माझं मी ठरवलं, या देशात येऊन आधी गोदामात खोकी भरली आणि मग हे दुकान उभं केलं. विणकराशी असो की गिऱ्हाइकाशी, घासाघीस करताना मी पापणी लवू देत नाही. राग हे माझं भांडवल आहे, हे मी लपवत नाही. बाबांशी बोलणं व्हायचं ते तब्येतीचं आणि हवेचं. त्या फोटोचा विषय दोघांनीही काढला नाही. त्यांनी आधी कबूल करावं म्हणून मी थांबले होते, आणि थांबण्यात मला कुणी हरवत नाही.

विक्रीसाठी ऑनलाइन टाकायचे साड्यांचे फोटो मात्र मला हरवत होते. म्हणून यंदा लायब्ररीतल्या फोटो एडिटिंगच्या मोफत वर्गाला जाऊ लागले. शिकवणारे आजोबा पक्ष्यांचे फोटो काढणारे. मी साडीचा रंग भडक करायला गेले की मान हलवत म्हणायचे, "नो, मेट. पक्ष्याला हात लावायचा नाही. मागचं झाड गडद कर, पक्षी आपोआप पुढे येतो." मी साडीभोवती कड आखायला शिकले, साडी झाकून फक्त भिंत काळी करायला शिकले. कड नीट जमली नाही की भोवती एक फिकट रेघ उरायची. आजोबा त्या रेघेवर बोट ठेवून हसायचे, "इथं हात हलला."

गेल्या आठवड्यात शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ग्लेन वेव्हर्लीची एक मुलगी हीच जांभळी इरकल परत घेऊन आली. "ताई, फोटोत केवढी ब्राइट दिसत होती! एडिट केलंत ना?"

माझा आवाज चढला. "मी साडीला हात लावलेला नाही!"

ती बिचारी साडी ठेवून निघून गेली. मी तिथेच उभी. माझं वाक्य माझ्याच कानात कुणा दुसऱ्याच्या आवाजात वाजत होतं.

कपाटातून फोटो काढला, स्कॅन केला, मोठा करून पाहिला. कानाजवळ, केसांच्या कडेने, एक फिकट रेघ. मग चेहरा झाकून मी फक्त मागचा काळोख हळूहळू फिका करत नेला, पडद्याच्या खऱ्या राखाडीपर्यंत. चेहऱ्याला बोटही लावलं नव्हतं. समोर मी बसले होते, होते तशी सावळी.

आमची दुपार म्हणजे त्यांची सकाळच्या चहाची वेळ. फोन लावला. "बाबा, तो माझा स्थळांसाठीचा फोटो. तुम्ही फक्त पडदा काळा केला होतात."

"मग? तेच सांगत होतो." चहाचा घोट ऐकू आला. "छापताना चेहऱ्यावर पुठ्ठा धरला आणि बाकीच्या कागदाला जास्त उजेड दिला. जास्त उजेड लागला की तो कागद काळा पडतो."

"पण का? मी उठून दिसावी म्हणून?"

"अगं, तू दिसतच होतीस. पडद्याला ठिगळ होतं डाव्या अंगाला. नवा घेणं जमलं नव्हतं. पाहुण्यांना दिसलं असतं तर तुझ्या बापाची अब्रू गेली असती."

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू ऐकत होतीस?" ते हसले. मग म्हणाले, "आणि ठिगळाचं काय सांगायचं पोरीला."

मला माफी मागता येत नाही. कधी सराव केला नाही. "चहा गार होईल," एवढंच मी म्हणाले. तेही "हो हो" म्हणाले, आणि बराच वेळ दोघांनीही फोन ठेवला नाही.

नंतर पडद्याची डावी बाजू आणखी उजळून पाहिली. चौकोनी ठिगळ, त्याच्या कडेने आईचे बारीक सरळ टाके. इतकी वर्षं तो फोटो जवळ बाळगला, पण त्यात मी माझ्याखेरीज काही पाहिलंच नव्हतं. राग गेला, असं म्हणणार नाही. पंचवीस वर्षांची सवय एका दुपारी जात नाही. तो अजून आहे, बाह्या सरसावून उभा. फक्त त्याच्या समोर आता कुणी नाही.