चिठ्ठ्या काढलेले देव

धुळ्यातल्या जुन्या गल्लीत मुख्तारभाई पस्तीस वर्षं देवांचे टाक ठोकतात. चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठेवायचा, हातोडीने देव उमटवायचा, मागे तांब्याचा पत्रा बसवायचा. समोरचे लीलाधर सोनार रोज विचारतात, “काय भाऊ, आज किती देवांना मारलं?”

“मी ठोकतो. मारता तुम्ही, भाव सांगून.”

देव्हाऱ्यातले टाक रोज धुऊन पुसट होतात, तेव्हा लोक ते त्यांच्याकडे आणतात. जुनी चांदी नव्यात वितळवायची, म्हणजे देव तोच राहतो.

गेल्या उन्हाळ्यात चित्रकला शिकणारी मेघा असे चाळीस टाक प्रदर्शनासाठी मागून घेऊन गेली. मालकांना विचारायचं मुख्तारभाईंना सुचलं नाही. कॉलेजच्या हॉलमध्ये मेघाने ते काळ्या दोऱ्यांनी टांगले. घर, जात काहीच कळू नये म्हणून टाकांना बांधलेल्या, मालकांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढल्या. त्या केरात गेल्या. चेहरे नसलेले चाळीस देव पंख्याच्या वाऱ्यावर सावकाश फिरत. आत आलेली माणसं आपोआप हळू बोलत.

टाक परत आले त्याच दिवशी दोंडाईच्याच्या सुगंधाबाई आल्या. त्यांचा मुलगा लग्नाआधीच गेला होता. त्याला वीर म्हणून, घोडेस्वाराच्या टाकात, देव्हाऱ्यात बसवलेलं होतं; तोच टाक नवा करायला दिला होता.

“भाऊ, मना प्रेमराज कोठे शे?”

मुख्तारभाईंनी खाली मान घालून सगळं सांगितलं. बाई रडल्या नाहीत. त्यांनी चाळीसही टाक समोर मांडायला लावले, अंगठा ओला केला, डोळे मिटले. एकोणीस वर्षं रोज सकाळी धुतलेलं तोंड त्या अंगठ्याने शोधत राहिल्या. एका टाकावर अंगठा थांबला.

“हाऊच शे.”

दुसऱ्या दिवशी मुख्तारभाईंनी त्या टाकाचं तांबं उचकटलं. चांदीच्या आतल्या बाजूला कधी कुणाचा अंगठा पोचलेला नव्हता. तिथे वाघावर बसलेली देवी होती, कालच ठोकल्यासारखी.

मग त्यांनी बाकीचेही उघडले. घोडेस्वार तीन निघाले. तिघांपैकी प्रेमराज कोणता, ते सांगणारं कुणी नव्हतं. शेवटी त्यांनी तिन्ही घोडेस्वारांची थोडीथोडी चांदी कातरून मुशीत टाकली. बाईंच्या अंगठ्याला खोटं कसं म्हणायचं, म्हणून देवीचाही एक कण टाकला. बाकी नवी चांदी. प्रेमराज सोडून उरलेले दोन वीर आता कुणाच्या घरी अर्धवट जातील, हा विचार ठशावर प्रत्येक ठोक्याला परत येत होता.

आठवड्याने सुगंधाबाई आल्या. नव्या टाकाला नाक होतं, मिशी होती. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. अंगठा ठेवला, आणि तसाच धरून राहिल्या.

“भाऊ, हाऊ जड लागस.”

“नवा शे, अक्का,” मुख्तारभाई म्हणाले.

बाईंनी टाक पदरात बांधला. दाराशी वळून म्हणाल्या, “एकला नही वाटत.”